व्याह्यांनी दिलेली तांब्याची बाटली

खोटं भांडं मला कोण विकूच शकत नाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या घरात आजपर्यंत जेवढी खोटी भांडी आली ती मला कुणी विकली नाय, मीच मागं लागून घेतलीत. पितळेची म्हणून समई आणली, तिला पुढच्या दिवाळीला गंज चढला. बायकोला चांदीची म्हणून जोडवी आणली, पंधरा दिवसांत तिची बोटं हिरवी. ती जोडवी तिनं टाकली नायत. डब्यात जपून ठेवलीत, भांडणात काढायला बऱ्या पडतात.

तेव्हापासून मी ठरवलं, आता कुणावर विसवास ठेवायचा नाय. तर झालं असं की खोट्या वस्तूंवर विसवास ठेवून झाला आणि नेमकी खरी वस्तू घरात आली तेव्हा मी संशय घ्यायला बसलो.

माझा टेंपो हाय. कर्जत, चौक, खालापूर, एवढ्यातच माझं सगळं जग. विटा, सिमेंट, फार्महाऊसवाल्यांची कपाटं, लग्नातल्या खुर्च्या, मिळंल ते भरतो. पाण्याला माझी एक प्लास्टिकची बाटली होती, थंड्याची, दोन लिटरवाली. लेबल कधीच गेलेलं. बूच दुसऱ्याच बाटलीचं. मे महिन्यात खालापूरला टोलनाक्याच्या बाजूला गाडी उभी केली तर पाणी एवढं तापायचं की पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. ते पाणी मी पाच वर्षं प्यालो आणि पाच वर्षं माझं पोट साफ झालं नाय. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध असंल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाय. माझ्या डोक्यात गोष्टी येतात, पण एकट्या एकट्या येतात.

पोराचं लग्न ठरलं. मुलगी घाटावरची. साखरपुड्याला व्याह्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "पाव्हणं, तब्येत काय म्हणतीय?"

चांगला माणूस बोलतो, बरी हाय. मी अर्धा तास पोटावर बोललो. किती दिवसांनी साफ होतं, कसं होतं, झालं तरी कसं वाटतं. समोर मुलीची आत्या जिलेबीचं ताट घेऊन उभी. शेवटी पोरानं माझ्या पायावर पाय दिला. पण व्याही मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, भला माणूस. लग्नात मात्र पंगतीत मला वरण गार आलं आणि मी ते चार लोकांत बोलून दाखवलं. व्याह्यांनी तेव्हाही मान हलवली. तेव्हा मला वाटलं, याच्या मनात काय हाय ते कळत नाय.

मंग पयली दिवाळी आली. दिवाळसण जावयाचा, ही आपली रीत. पोराला कपडे मिळाले, बरोबर. पण सून माहेरून आली आणि तिनं पिशवीतनं तांब्याची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. ठोक्याठोक्यांची, लालभडक, दिव्याच्या उजेडात चमकणारी.

"मामा, ही तुमच्यासाठी. आप्पांनी दिली आहे."

"माझ्यासाठी?" मी बोललो. "सासऱ्याला दिवाळसण कधीपासून निघाला?"

"तुमच्या पोटासाठी."

सगळं घर हसलं. मी पण हसलो, पण आतून माझं चक्र सुरू झालं. गार वरणाला नावं ठेवणाऱ्या माणसाला कोण भेट देईल?

सूनबाई समजावून सांगायला बसली. तिचे आजोबा झाडपाल्याचं औषध द्यायचे. ते सांगायचे म्हणे, पाणी ज्या भांड्यात राहतं त्याचा गुण घेतं. माती थंड. चांदी त्याच्यापेक्षा थंड. तांबं जरा उष्ण, पण पोट हलकं करतं. म्हणून तांब्यात पाणी रातचं भरायचं आणि सकाळी चहाच्या आधी प्यायचं. दिवसभर तेच पीत बसायचं नाय. त्यात लिंबू पिळायचं नाय, ताक भरायचं नाय, उन्हात ठेवायचं नाय.

"आप्पा दोन दिवस विचार करत होते, मामा. मातीची बाटली मिळते आता. पण म्हणाले, टेंपोत टिकणार नाही."

"टिकणार नाय म्हणजे? मी गाडी सावकाश चालवतो."

चुलीकडनं बायको बोलली, "परवाच्या अंड्यांना विचारा."

परवा एका दुकानदाराची अंडी आणली होती. तो विषय मी तिथंच मिटवला.

आनि त्याच संध्याकाळी सुनेनं माझी प्लास्टिकची बाटली उचलली आणि परसात भंगारात टाकली. मला विचारलं पण नाय. मी बायकोकडं बघितलं. बायको अशी खूश दिसत होती, जसं मलाच भंगारात टाकलंय.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन चौकला गेलो. तिथं माझा एक गॅरेजवाला दोस्त हाय, जगात सगळं खोटं हाय यावर आमचं दोघांचं एकमत. त्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, बाटलीला लावलं. चिकटलं नाय.

"म्हणजे खरी?" मी विचारलं.

"म्हणजे लोखंड नाय एवढंच कळलं," तो बोलला. "आजकाल काय काय करतात. वरनं मुलामा असंल."

मंग त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं बुडाला एक रेघ मारली. आत पण लाल. चिंच लावून घासली. सोन्यासारखी उजळली. दोस्ताचं तोंड पडलं. खरी वस्तू बघितली की आमच्या दोघांचा दिवस वाया जातो.

संध्याकाळी सुनेनं ती रेघ बघितली. "हे काय झालं, मामा?"

"टेंपोत लागलं," मी बोललो.

ती रेघेवरनं बोट फिरवत राहिली. बापानं दिलेल्या वस्तूवर पयल्या दिवशी ओरखडा. मला जरा वाईट वाटलं, पण संशयाच्या माणसाला वाईट वाटून पण संशय जात नाय.

आनि तो दुसऱ्या बाजूनं आलाच. रातची ती बाटलीत पाणी भरत होती, मी मोबाईलची बॅटरी लावून आत डोकावलो. आत सगळं लाल. कल्हई नाय!

आता हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरात तांब्यापितळेचं भांडं बिनकल्हईचं वापरलं तर माझी आई अंगावर धावून यायची. गावात मी लहान असताना एका लग्नात कढी कळकली होती. कल्हई उडालेल्या पातेल्यात केली आणि ताकाचं विष झालं. अर्धं वऱ्हाड भाताच्या खाचरात बसलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. नवरदेव मुंडावळ्यांसकट. भटजी तर दोनदा.

मी अंथरुणात पडून विचार केला. व्याही खेड्यातला माणूस. बिनकल्हईच्या भांड्यानं काय होतं हे त्याला माहीत नसंल? माहीत असून दिली? आनि लिंबू पिळू नका, ताक भरू नका, हे सगळं बजावून सांगितलं, म्हणजे आपल्यावर काय यायला नको? गार वरणाचा हा एवढा मोठा बदला?

बायकोला हलवून उठवलं. "अगं, त्या बाटलीला आतनं कल्हई नाय."

"झोपा," ती बोलली. "तुमच्यावर विष कोण वाया घालवंल?"

पण मी काय ऐकणारा नाय. सुनेला विचारायचं, असं कुठल्याबी शहाण्या माणसाला सुचलं असतं. मला कल्हईवाला सुचला.

कल्हईवाले आता राह्यले नायत. पयले दारात यायचे, भाता मारायचे, नवसागराचा तो पांढरा धूर गल्लीभर पसरायचा आणि आमी पोरं नाक धरून तिथंच उभी. आता एक म्हातारा खालापूरला बसतो, ढाबेवाल्यांच्या डेगी आणि लग्नाची पातेली करतो. त्याच्याकडं गेलो. त्यानं बाटली फिरवून बघितली, तिच्या तोंडात बोट घालून बघितलं.

"दादा, ही पाण्याची ना?"

"मंग काय दारूची?"

"पाण्याच्या तांब्याला कोण कल्हई करत नाय."

"तू कल्हईवाला हायस का वकील?" मी बोललो. "कर म्हणतो तर कर."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. "तुमचं भांडं, तुमचं पोट," असं बोलून कोळसे पेटवले. तोंड अरुंद, त्यामुळं सळईला कापूस गुंडाळून आत फिरवायला त्याला घाम फुटला. कथलाचा तुकडा टाकला, धूर आला, बाटली हिसळली, पाण्यात बुडवली, चर्र झालं. आत बघितलं तर चांदीसारखं पांढरं लख्ख. बाहेरनं मात्र तापून काळीठिक्कर. तिची सगळी चमक जळून गेली. मी वाटेत ओढ्यावर गाडी थांबवली आणि चिंच आणि राख घेऊन तासभर घासत बसलो. आयुष्यात मी कधी चमचा घासलेला नाय.

घरी आलो तर सूनबाई बघतच राह्यली. "मामा, तुम्ही स्वतः घासली?"

"मंग? व्याह्यांनी प्रेमानं दिलेली वस्तू."

तिनं लगेच माहेरी फोन लावला. "आप्पा, मामांनी बाटली हातानं घासली बघा." पलीकडनं व्याह्यांचा आवाज आला, "बरं वाटलं गं." मी तिथून उठून गोठ्यात गेलो, गाय दोन वर्षांपूर्वीच विकलेली असून पण.

मंग मी नेम लावला. बाटली मीच भरणार, मीच धुणार, कुणी हात लावायचा नाय. सुनेला वाटलं, मामांना तांब्याचं महत्त्व पटलं. मला एवढंच वाटत होतं की कुणी आत बघू नये. रातचं भरायचं, सकाळी उठल्या उठल्या प्यायचं, मंग चहा. आनि काय सांगू, आठ दिवसांत पोट हलकं. पंधरा दिवसांत तर घड्याळ लावावं असं. मी चौकच्या चहाच्या टपरीवर तांब्याचे गोडवे गायला लागलो. कोंडाण्याची लेणी बघायला आलेलं एक शहरातलं कुटुंब टेंपोतनं सोडलं, त्यांच्या हातात स्टीलच्या बाटल्या. त्यांना मी चढणीपर्यंत तांब्यावर भाषण दिलं. शेवटी त्यातल्या बाईनं विचारलं, "काका, तुम्ही वैद्य आहात का?" मी नाय बोललो नाय.

दीड महिना असा गेला. मंग मला ताप आला.

दोन दिवस मी पडून होतो. तिसऱ्या दिवशी सुनेनं बाटली धुवायला घेतली. महिन्यातनं एकदा आतनं लिंबूमीठ लावायचं असं तिला बापानं सांगितलेलं. लिंबूमीठ घालून हलवली, ओतली, तिला पाणी काय वेगळं वाटलं देव जाणे, तिनं मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं.

मी खाटेवरनं बघत होतो. ती दारात जाऊन उन्हात परत बघायला लागली. मंग हळूच आत गेली. भिंतीपलीकडनं मला ऐकू आलं.

"आप्पा, तुम्हाला त्या तांबटानं फसवलं. बाटली खोटी आहे. आतून स्टील आहे. वरून नुसता तांब्याचा पत्रा." मंग बराच वेळ ती ऐकत होती. मंग रडायलाच लागली. "माझ्या सासरी खोटी वस्तू दिली आपण. मामा रोज किती विसवासानं पितात."

ते "विसवासानं" माझ्या तापापेक्षा जास्त चढलं.

बायकोनं येऊन सांगितलं ते असं. बाटली व्याह्यांनी त्यांच्या बाजारातल्या तांबटाकडनं खास घडवून घेतलेली. दोघं एका आळीतले, चाळीस वर्षांची बैठक. आता व्याही भडकलेत. रविवारी येतायत, बाटली घेऊन जाणार आणि भर बाजारात त्या तांबटाच्या पुढ्यात आपटणार. पोरीच्या सासरी आपल्याला मान खाली घालायला लावली म्हणून.

"खोटीच निघाली म्हणायची शेवटी," बायको बोलली आणि माझ्याकडं बघितलं. "तुमी एवढे गप कशानं?"

"ताप हाय."

"ताप उतरला सकाळी."

आता बघा, बोलायला माझ्याकडं तीन दिवस होते. गुरुवारी बोललो असतो तर सुनेसमोर इज्जत गेली असती, तेवढीच. पण मी काय केलं? गुरुवारी विचार केला, व्याही येणारच नायत. शुक्रवारी विचार केला, बाटली टेंपोतनं पडली म्हणून सांगू, नदीत गेली. शनिवारी चौकला जाऊन दोस्ताला विचारलं, कल्हई उतरवता येते का रं? तो बोलला, "येते, पण तुझं तोंड त्यानं उतरलंय ते कसं चढवशील?" सुनेनं तीन दिवस मला पाणी स्टीलच्या पेल्यात दिलं, माझ्याकडं न बघता. पोरीला माझ्यासमोर लाज वाटत होती. आनि मी तिला ती वाटू देत होतो. खरं सांगायचं तर मधूनच मला बरं पण वाटायचं, की बघा, घाटावरच्यांचं भांडं खोटं निघालं. निघालं नव्हतं, मीच केलेलं, तरी बरं वाटायचं. माणूस कसा असतो बघा. माणूस म्हणजे मी.

रविवारी व्याही आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. पाणी पण घेतलं नाय. माझ्यासमोर उभे राह्यले आणि हात जोडले.

"पाव्हणं, माफ करा. तुमच्या पोटाचं एवढं ऐकलं होतं, म्हटलं काहीतरी गुण येईल असं द्यावं. आमची फसगत झाली, पण तुम्हाला खोटी वस्तू गेली ती गेली."

आनि ते खाली वाकले. माझ्या पाया पडायला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, पोरीचा बाप. मागं दाराशी सून उभी, पदर तोंडात धरून.

मी लय धीराचा म्हणून बोललो असं समजू नका. ते वाकले आणि माझ्या तोंडातनं आपोआप सुटलं.

"ओ, उठा. बाटली खरी हाय. मी कल्हई केली आतनं."

कुणाला काय कळलंच नाय. व्याही अर्धे वाकलेले तसेच राह्यले.

"काय केली?"

"कल्हई. खालापूरला. म्हटलं तांबं कळकंल."

व्याह्यांनी बाटली घेतली, उजेडाकडं धरली, तोंडापाशी खिशातली किल्ली घासली. पांढऱ्याखालनं लाल रेघ निघाली. त्यांनी किल्ली खिशात घातली. मंग अगदी सावकाश, पोराला समजावावं तसं बोलले, "पाव्हणं, कल्हई आंबटासाठी असते. आमटी, ताक, कढी. अन्नाला तांबं लागू नये म्हणून मधी कथील लावायचं. आणि ह्या बाटलीत पाण्याला तांबं लागावं म्हणूनच तर पाणी ठेवायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे दीड महिना तुम्ही कथलातलं पाणी प्यालात."

"पण पोट साफ झालं की!" मी बोललो. तेवढाच माझ्याकडं पुरावा होता.

आता बायको पुढं आली. तिला गेली तीस वर्षं कधी बोलायची संधी मिळाली नाय असं नाय, पण अशी कधी मिळाली नव्हती. "सकाळी उठून तीन कप चहा ढोसायचे, त्याच्या आधी तांब्याभर पाणी पोटात गेलं. बाटली कसली का असंना. व्याहीबुवा, यांना बादलीतनं पाजलं असतं तरी झालं असतं."

व्याही हसायला लागले. खाली बसले आणि टोपी काढून हसायला लागले. तांबटाला फोन लावला, "तुझी बाटली खरी हाय रं, मी उद्या चहाला येतो," एवढं सांगितलं, आणि परत हसले. मला वाटलं सुटलो. मी पण हसलो. मला अजून वाटत होतं की कथलाचा पण काहीतरी गुण असणारच, पण ते मी मनात ठेवलं.

सून हसली नाय. ती परसात गेली. भांडी वाजल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात माझी ती प्लास्टिकची बाटली होती, दोन लिटरवाली, धूळ बसलेली, बूच दुसरंच. तिनं ती माझ्यासमोर ठेवली आणि तांब्याची बाटली बापाच्या पिशवीत घातली.

"आप्पा, कल्हई काढून आणा, मी वापरीन," ती म्हणाली. मंग माझ्याकडं वळली. "मामा, तुम्ही हीच वापरा. हिच्यावर तुमचा पाच वर्षं संशय नव्हता."